ताईने सही केली नाही

माझी थोरली नणंद गणित शिकवते. घरात तिला सगळे ताई म्हणतात. शाळेत पाठीमागे तिला 'उलटतपासणी' म्हणतात, आणि हे तिला चांगलं माहीत आहे. एकदा एका नव्या शिक्षिकेच्या तोंडून तिच्यासमोरच ते नाव निसटलं. ती बिचारी पांढरीफटक पडली. ताई म्हणाली, "असू दे. काहींना तर टोपणनावसुद्धा मिळत नाही."

नाव पडायचं कारण साधं आहे. कुणी काही सांगितलं की ताई विचारते, "म्हणजे नक्की काय?" डॉक्टरला विचारते, नळदुरुस्तीवाल्याला विचारते. तिला सांगून आलेल्या स्थळांनाही ती हेच विचारायची, त्यामुळे पुढे स्थळं यायची थांबली. त्याची तिने खंत केलेली मी तरी पाहिली नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती एकटी राहते आणि जेवायला खाली आमच्याकडे येते. माझा नवरा तिचा धाकटा भाऊ, बसडेपोत मेकॅनिक. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ही गोष्ट घडली तेव्हा आमची मुलगी सातवीत होती.

त्या वर्षी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने ठरवलं की सगळ्या शाळांना मिळून एकच सिस्टीम घ्यायची. सिस्टीम म्हणजे असं एक सॉफ्टवेअर, ज्यात शिक्षकांनी गृहपाठ द्यायचा, मुलांनी तो करून पाठवायचा, गुण तिथेच मांडायचे आणि आईबापांनी घरबसल्या सगळं बघायचं. गरज होतीच, त्यात वाद नाही. तोवर प्रत्येक शाळेचा कारभार वेगळा. एक शाळा मोबाईलवर गृहपाठ पाठवायची, दुसरी कागद छापून वाटायची. तिसरीची वेबसाइट होती, पण ती चालवता येणारे एकमेव सर नोकरी सोडून गेले होते. त्यामुळे त्या वेबसाइटवर तीन वर्षं एकाच सहलीचे फोटो होते.

बाजारात अशा सिस्टीम ढिगाने होत्या. त्यातून तीन निवडून, पारखून, एकीची शिफारस करायला कार्यालयाने समिती नेमली आणि ताईला तिची अध्यक्ष केलं. ताईला नवल वाटलं. शिक्षणप्रमुख साहेबांचं आणि तिचं कधी पटलेलं नव्हतं. साहेब नीटनेटके, गोड बोलणारे, भाषणात 'उद्याची शाळा' असं दर दुसऱ्या वाक्याला म्हणणारे. पुढे कार्यालयाच्या संगणक विभागातल्या माणसाने आम्हाला खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले होते, "उलटतपासणीची सही असली की मग कुणी बोट दाखवायचं नाही."

म्हणजे साहेबांना हवी होती ती तिची सही. डोकं त्यांनी स्वतःचं आधीच चालवलं होतं.

या संगणकवाल्याला सगळे 'वायरमन' म्हणायचे. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेतलं कुठलंही यंत्र बंद पडलं की हाच धावायचा. तोही समितीत होता. शिवाय एक मुख्याध्यापक, ज्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि ती भांडणाशिवाय यावी एवढीच त्यांची इच्छा होती. आणि चौथे संगीताचे सर. हे सर जन्मापासून दृष्टिहीन. समितीत 'सर्व घटकांचं प्रतिनिधित्व' दिसावं म्हणून त्यांना घेतलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि ते स्वतःच हसत सांगायचे, "मी फोटोपुरता आहे. फोटो कसा आलाय ते मात्र मला कुणी सांगत नाही."

पहिल्याच आठवड्यात समितीने तिन्ही सिस्टीमना नावं ठेवली, कारण त्यांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहत नव्हती. एक दिसायला फार देखणी. रंग, चित्रं, हलणारे आलेख, सगळं काही. ती 'नवरी'. दुसरी रुक्ष, राखाडी, नुसत्या ओळींवर ओळी. ती 'कारकून'. तिसरी फुकट मिळणारी, कुणाही एकाच्या मालकीची नसलेली, आपली आपण चालवायची. ती 'बेवारस'.

नवरीवाल्या कंपनीचा माणूस सादरीकरणाला आला त्या दिवशी कार्यालयाच्या सभागृहात गारेगार हवा होती. त्याने पडद्यावर एक वर्ग उघडला. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा हसरा फोटो, प्रत्येकाचा गृहपाठ वेळेवर, प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका. त्याने सांगितलं की मूल किती वेळ वाचतं, कुठे अडतं, कधी उठून जातं हे सगळं सिस्टीम टिपते आणि त्यावरून मुलाला रंग देते. हिरवा म्हणजे ठीक, केशरी म्हणजे सावध, लाल म्हणजे हाताबाहेर जाण्याचा धोका. रंग बदलला की पालकांना आपोआप निरोप जातो. शिक्षकाला काही करावं लागत नाही.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. खरं सांगायचं तर ताईलाही नवरी आवडली होती. जेवताना तिने तसं कबूलही केलं. "आलेख काय सुरेख काढते ग," ती म्हणाली. "मी वर्गात खडूने काढते ते बघून पोरं हसतात."

पण सभागृहात तिने हात वर केला तो केलाच. "या वर्गात कुणीच गैरहजर नाही?"

"हा नमुन्याचा वर्ग आहे, मॅडम."

"म्हणजे नक्की काय? ही मुलं खरी नाहीत?"

"नाही, पण सिस्टीम खरी आहे."

"मग खऱ्या मुलांवर चालवून बघू," ताई म्हणाली.

साहेबांना हे आवडलं नाही. समितीने तक्ता भरायचा, गुण द्यायचे आणि मोकळं व्हायचं, अशी त्यांची कल्पना. तक्ता कार्यालयाने तयारच दिला होता. त्यात 'रूप', 'अहवाल', 'कंपनीचा लौकिक' असे रकाने होते. ताई म्हणाली, हे तर मी घरी बसूनही भरीन, मग समिती कशाला? शेवटी साहेबांनी काही आठवड्यांची परवानगी दिली. एवढ्याशा मुदतीत काय होणार, असं त्यांना वाटलं असावं.

ताईने दोन शाळा निवडल्या. एक आमच्या शहरातली मोठी शाळा, जिथे संगीताचे सर शिकवतात आणि आमची मुलगी शिकते. दुसरी दगडखाणीजवळची, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडची. तिथे नेट कधी येतं, कधी जातं, आणि सुरुंगाची शिट्टी झाली की सगळा वर्ग कानांवर हात ठेवून थांबतो. आपली भाची त्या शहरी शाळेत आहे हे ताईने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. कुणाला हरकत असेल तर आत्ताच बोला, म्हणाली. कुणी बोललं नाही.

बेवारसला सगळ्यात आधी ताईनेच बाद केलं. मला आश्चर्य वाटलं, कारण मनातून तिला तीच आवडायची. आपली आपण चालवायची, कुणाची मिंधेगिरी नाही, हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. पण ती वायरमनबरोबर एक दिवस त्याच्या गाडीतून फिरली. सकाळी एका शाळेत प्रिंटर, मग दुसरीकडे उंदराने कुरतडलेली तार, मग तिसरीकडे पासवर्ड विसरलेल्या बाई. परतताना तिने त्याला विचारलं, "बेवारस घेतली तर ती सांभाळणार कोण?"

"मीच की," तो म्हणाला. "दुसरं आहे कोण?"

"म्हणजे नक्की कधी?"

ताईने त्याच दिवशी बेवारसवर काट मारली. वायरमन नंतर म्हणाला की इतक्या वर्षांत त्याच्या वेळेचा विचार करणारी ही पहिलीच बाई.

उरल्या दोघी. खाणीच्या शाळेत मुलं आईच्या किंवा बापाच्या मोबाईलवर अभ्यास करायची. नवरीवर अर्धं उत्तर लिहून झालं आणि नेट गेलं की पडद्यावर एक चकली फिरत राहायची आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. एका मुलीने एकच निबंध तीनदा लिहिला आणि चौथ्यांदा फक्त 'कंटाळा आला' एवढं लिहून पाठवलं. ते मात्र लगेच पोचलं. कारकुनाचं रूप बघवत नव्हतं, पण तो लिहिलेलं मोबाईलमध्येच धरून ठेवायचा आणि नेट आलं की मुकाट्याने पुढे पाठवायचा.

संगीताच्या सरांचं दुखणं निराळं होतं. त्यांच्या मोबाईलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. बोट फिरवलं की तो सांगतो, इथे काय आहे. कारकुनावर तो आवाज नीट वाचायचा: 'इयत्ता सहावी', 'गुण भरा', 'जतन करा'. नवरीवर सरांनी बोट ठेवलं तर आवाज म्हणाला, 'बटण'. बोट सरकवलं. 'बटण'. आणखी सरकवलं. 'चित्र'. नवरी बनवणाऱ्यांनी देखण्या खुणा काढल्या होत्या, पण त्या खुणांना नावं द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सरांनी नेटाने प्रयत्न केला आणि शेवटी कुठलंतरी बटण दाबलं. त्यामुळे सहावीच्या सगळ्या वर्गाची संगीत विषयातून नावं गेली.

"एका बोटाने मी सगळा वर्ग मुका केला," सर ताईला म्हणाले. ते हसत होते, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आणि मग आमच्या घरीच ठिणगी पडली.

आमच्या मुलीची जिवलग मैत्रीण समोरच्या इमारतीत राहते. तिच्या घरी टॅब्लेट नाही, म्हणून दोघी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाच टॅब्लेटवर अभ्यास करायच्या. आधी एक, मग दुसरी. एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर निरोप आला: 'आपल्या पाल्याच्या कामात संशयास्पद साम्य आढळले आहे. पाल्याचा रंग केशरी करण्यात आला आहे.'

माझा नवरा साधा माणूस. बसचं इंजिन खोटं बोलत नाही, तसं यंत्राकडून आलेला निरोपही खोटा नसणार, असं त्याचं डोकं. त्याने मुलीला समोर उभं केलं.

"कॉपी केलीस?"

"नाही, बाबा."

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत. मी माझंच केलंय."

"यंत्राला काय पडलंय तुझ्याशी वाकडं वागायला?"

पोर रडायला लागली. मैत्रिणीच्या घरी तर याहून वाईट झालं होतं. तिच्या आईने शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने तिला बोल लावले आणि तिचं आमच्याकडे येणंच बंद केलं. तेवढ्यात ताई जेवायला खाली आली. तिने निरोप वाचला, मग टॅब्लेट मागून घेऊन दोघींचा गृहपाठ वाचला.

"काय आहे यात?" नवऱ्याने विचारलं.

"गणित आहे," ताई म्हणाली. "दोघींची उत्तरं सारखी आहेत, कारण दोघींची उत्तरं बरोबर आहेत. अरे, बरोबर उत्तर एकच असतं. चुकल्या असत्या तर वेगवेगळ्या चुकल्या असत्या आणि हिरव्या राहिल्या असत्या."

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने मुलीला जवळ घेतलं, पण ती अंग चोरून उभी राहिली. ताई न जेवताच उठली आणि समोरच्या इमारतीत गेली. त्या आईशी काय बोलली ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रीण पुन्हा आली, पण स्वतःची वही घेऊन. टॅब्लेटला तिने त्यानंतर कितीतरी दिवस हात लावला नाही.

ताईने कंपनीला कळवलं. उत्तर आलं की सिस्टीम 'शिकत आहे' आणि कालांतराने सुधारेल. ताईने परत विचारलं, ती शिकेपर्यंत केशरी झालेल्या मुलांनी काय करायचं? त्यावर उत्तर आलं नाही.

तिने अहवाल लिहिला. त्यात सगळं होतं: पुसलेले निबंध, मुकी बटणं, बरोबर उत्तरांवरचा संशय. कारकुनाचीही खरडपट्टी होती. तो दिसायला भयंकर आहे, पालकांना त्यात काही सापडत नाही, गुणांची बेरीज बघायला चार ठिकाणी जावं लागतं. पण तो मुलांचं काम हरवत नाही आणि सगळ्यांना वापरता येतो, म्हणून शिफारस त्याची.

साहेबांनी समितीला बोलावून घेतलं. अहवाल चांगला आहे, म्हणाले. फक्त चाचणीचा भाग काढून टाकावा, कारण ती अनौपचारिक होती. तेवढं काढलं की तक्त्याप्रमाणे नवरीला जास्त गुण पडतात, तेव्हा शिफारसही आपोआप तिचीच होईल.

"म्हणजे नक्की काय काढायचं?" ताईने विचारलं. "जे बघितलं ते?"

"मॅडम, तुमच्या भाचीचं प्रकरण मध्ये आहे. लोक म्हणतील, बाईंनी घरचा राग काढला. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. पुढच्या वर्षी एका शाळेची मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय. तुमचं नाव वर आहे."

हे ते सगळ्यांसमोर म्हणाले, अगदी चहा विचारावा तशा सुरात. ताईने आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून सही केली. निवृत्तीला आलेल्या माणसाला मी दोष देत नाही, आणि ताईनेही दिला नाही. वायरमनने पेन हातात घेतलं, पुन्हा ठेवलं आणि म्हणाला, "माझं पोट या कार्यालयावर आहे साहेब, पण सही नाही जमणार." संगीताचे सर म्हणाले, "मला कुठे करायची ते दिसत नाही, आणि दाखवू नका."

ताई शेवटी बोलली. "माझं नाव यादीतून खाली घ्या. भाचीचा भाग वाटलं तर गाळा, ती माझ्या घरची आहे. खाणीच्या शाळेतल्या मुली माझ्या कुणी लागत नाहीत. त्या राहतील. सही मी करणार नाही, आणि का केली नाही ते जो विचारेल त्याला सांगेन."

"विचारणार कोण?" साहेब म्हणाले.

त्या एका सहीवरच साहेबांनी नवरीचा प्रस्ताव पुढे पाठवला. अंतिम निर्णय शिक्षण मंडळाच्या जाहीर सभेत व्हायचा होता. लोकांनी निवडून दिलेले सदस्य तिथे बसतात आणि कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. कार्यालयाने फतवा काढला की समितीचे सदस्य कर्मचारी असल्याने त्यांनी सभेत बोलू नये. ताईने तो वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सभेला मी गेले होते. नवराही आला होता, डेपोतून थेट, हाताला ग्रीस तसंच. सभागृह अर्धं रिकामं असेल असं वाटलं होतं, पण खाणीकडचे पालक बस भरून आले होते. त्यांना कुणी आणलं असेल हे सांगायला नको. साहेबांनी पडद्यावर नवरी दाखवली. तोच वर्ग, तेच हसरे फोटो. सदस्य खूश दिसत होते.

मग लोकांची पाळी आली. ताईचं नाव पुकारलं गेलं तेव्हा साहेब उठले. "या कर्मचारी आहेत. यांना बोलता येणार नाही."

"मी कर भरते," ताई म्हणाली. "कर्मचाऱ्याने बोलायचं नसेल तर कर्मचारी गप्प बसेल. नागरिक बोलेल. कारवाई करायची असेल तर दोघींपैकी जिच्यावर हवी तिच्यावर करा."

हशा पिकला. मंडळाच्या अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बोला." ताईने चढ्या आवाजात एक शब्दही उच्चारला नाही. खाणीच्या शाळेत काय झालं ते सांगितलं, कारकुनाचे दोषही सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "मूल वाया चाललंय हे मी आईबापांच्या डोळ्यांत बघून सांगते. मला ते सांगताना त्रास होतो, म्हणून सांगण्याआधी मी दहादा विचार करते. ज्याला त्रास होत नाही त्याच्या हातात ते काम देऊ नका. दिलंत तरी माझ्या वर्गात मी तो रंग लावणार नाही. हे आजच सांगून ठेवते, नंतर कुणाला नवल नको."

तिच्यानंतर संगीताच्या सरांचं नाव होतं. त्यांनी भाषण केलं नाही. मोबाईल काढला, माईकसमोर धरला, नवरी उघडली आणि बोट फिरवायला लागले.

'बटण,' मोबाईल म्हणाला. 'बटण. बटण. चित्र. बटण.'

पहिल्यांदा लोक हसले. मग हसू ओसरलं. 'बटण. बटण. चित्र.' एक सदस्य खुर्चीत चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, कळलं, पुरे. सर म्हणाले, "माझी तीन मिनिटं आहेत. चाचणीत रोज माझा एवढा वेळ शोधण्यातच जायचा." आणि बोट फिरवतच राहिले. मोबाईल एकसुरात बोलत राहिला, आणि त्या भरल्या सभागृहात दुसरा आवाज नव्हता. माझ्या नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता. त्याचं ग्रीस माझ्या बाहीला लागलं, ते अजून निघालेलं नाही.

मतदान झालं. नवरी एका मताने जिंकली.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. पण अध्यक्षबाई तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी दोन अटी घालायचा प्रस्ताव मांडला: करारावर सही होण्याआधी सिस्टीम दृष्टिहीन माणसाला वापरता आली पाहिजे, आणि मुलांना रंग देणं बंद ठेवलं पाहिजे. कंपनीचा माणूस घाईने म्हणाला, होईल, सहज होईल. प्रस्ताव मंजूर झाला. बटणांना नावं देण्याचं काम कंपनीने मुदतीपर्यंत निम्मंसुद्धा केलं नाही, आणि रंग काढले तर आलेखच चालेनात. शाळा उघडायची वेळ झाली तेव्हा मंडळाने निमूटपणे कारकुनाला बोलावून घेतलं.

साहेबांचा राग मात्र तसाच राहिला. मुख्याध्यापकाची जागा ताईपेक्षा कितीतरी कनिष्ठ असलेल्या माणसाला मिळाली आणि ताईची बदली खाणीच्या शाळेत झाली. शिक्षा म्हणूनच झाली, हे सगळ्यांना कळत होतं. नवरा चिडून म्हणाला, "मी जाऊन त्या साहेबाला विचारतो." ताईने त्याला खाली बसवलं. "काय विचारणार? तिथल्या मुलींना मी नुसतं भाषणात वापरलं. आता शिकवीन." ती सकाळच्या पहिल्या बसने जायला लागली. सुरुंगाच्या शिट्टीची तिलाही सवय झाली. एवढंच की ती कानांवर हात ठेवत नाही, फळ्यावरची ओळ पूर्ण करते.

कारकुनावर कुणी खूश नाही. पालक कुरकुरतात, शिक्षक कपाळाला हात लावतात, आणि सगळे ताईलाच ऐकवतात, "तुमचा कारकून आज पुन्हा रुसला." ताई त्याची बाजू घेत नाही. उलट त्याच्या कंपनीला तिनेच सगळ्यात जास्त तक्रारी पाठवल्या आहेत, आणि गुणांची बेरीज आता एकाच ठिकाणी दिसते ती त्यामुळेच. "मी त्याच्याशी लग्न थोडंच लावलंय," ती म्हणते. संगीताचे सर स्वतःचे गुण स्वतः भरतात. आमची मुलगी मात्र गणितात बरोबर उत्तर आलं की अजून क्षणभर थबकते, आणि ते पाहिलं की तिचा बाप उठून दुसऱ्या खोलीत जातो.

या वर्षी कार्यालयाने नवीन टूम काढली आहे. शाळेच्या फाटकावर कॅमेरा लावायचा आणि चेहरा बघून त्यानेच हजेरी घ्यायची. त्यासाठी समिती नेमली. ताईचं नाव अर्थातच नव्हतं. पहिल्या बैठकीच्या दिवशी तिने शाळेतून हक्काची अर्धी रजा घेतली, कार्यालयात गेली आणि लांबलचक टेबलाच्या टोकाला जाऊन बसली. हे वायरमनने सांगितलं म्हणून मला ठाऊक.

साहेब म्हणाले, "मॅडम, आपण या समितीत नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "बैठक जाहीर आहे ना? मी ऐकायला आले आहे. चालू द्या."

साहेबांनी सुरुवात केली. कॅमेरा किती अचूक आहे, कुठे कुठे बसवला आहे, सगळे किती समाधानी आहेत, ते सांगत गेले. मधेच थांबून त्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. ताईने हात वर केलेला होता.